यलोस्टोन सोडा, बॅडलँड्सला मुक्काम करा

वाचकाचं पत्र: "आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो. मे महिन्यात नाशिकहून सासू-सासरे येत आहेत. दोघंही सत्तरीच्या पुढचे. सासऱ्यांना इन्सुलिन आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलं सात आणि पाच वर्षांची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दहा दिवस सुटी काढायची, ३० फुटी मोटरहोम (झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी) भाड्याने घ्यायचं आणि प्रेअरी ओलांडून यलोस्टोनला जाऊन यायचं, असं घाटतंय. हॉटेलचा खर्च वाचेल, घरचं जेवण मिळेल. नवऱ्याने आजवर मिनीव्हॅनपेक्षा मोठी गाडी चालवलेली नाही. सासूबाईंना दोनच काळज्या आहेत, रोजची आंघोळ आणि स्वयंपाक. जमेल का हे सगळं?"

नमस्कार,

जमेल. पण यलोस्टोन नाही, आणि ऑगस्टचा पहिला आठवडा तर मुळीच नाही.

आधी अंतर बघा. शॉमबर्ग ते यलोस्टोन नॅशनल पार्क एका बाजूने साधारण १,४०० मैल. मोटरहोम ताशी ६०-६५ मैलांनी चालवायचं असतं. पेट्रोल, जेवण, टॉयलेट, पाय मोकळे करणं धरलं की दिवसाची सरासरी ५० च्या वर जात नाही. म्हणजे जाऊन-येऊन ५६ तास नुसतं बसून राहायचं, त्यात वायोमिंगमध्ये बिगहॉर्नचे घाट. दहा दिवसांतले सहा दिवस असे गेल्यावर सासूबाईंचे गुडघे तुम्हाला माफ करणार नाहीत. मोटरहोम कितीही ऐसपैस असलं तरी ते चालू असताना प्रत्येकाला पट्टा बांधून जागेवर बसायचं असतं. त्याची मजा ते उभं असताना असते. म्हणून साउथ डकोटातलं बॅडलँड्स नॅशनल पार्क आणि त्यापुढचे ब्लॅक हिल्स, एवढ्यावरच थांबा. सगळं मिळून १,९५० मैलांच्या आसपास होईल.

तारखांचं कारण वेगळं आहे. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारपासून दहा दिवस स्टर्जिसला मोटरसायकलवाल्यांचा प्रचंड मेळा भरतो. ब्लॅक हिल्सच्या परिसरातले कॅम्पग्राउंड तेव्हा भरलेले असतात, दर चढलेले असतात आणि रात्री इंजिनांचा आवाज असतो. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा घ्या. मुलांच्या शाळा संपलेल्या असतात, गवत अजून हिरवं असतं आणि ४ जुलैची गर्दी लांब असते. मात्र वादळांचा मोसमही तोच. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आता मुक्काम. भाड्याची गाडी बहुतेक ठिकाणी दुपारी हातात मिळते आणि ती समजावून घ्यायला तासभर जातो, म्हणून पहिला दिवस अर्धाच धरा. आय-९० महामार्गाने विस्कॉन्सिन डेल्सपर्यंत, साधारण १७० मैल, पुरे. दुसऱ्या दिवशी मिनेसोटात जॅक्सनच्या आसपास, २९० मैल. तिसऱ्या दिवशी साउथ डकोटात चेंबरलेन, साधारण २२० मैल. वाटेत मिचेलला कॉर्न पॅलेस लागतो, त्याच्या भिंतींवरची चित्रं मक्याच्या कणसांनी केलेली असतात. मुलांना अर्धा तास पुरतं. चौथ्या दिवशी चेंबरलेन ते बॅडलँड्स जेमतेम १४० मैल, दुपारच्या आत पोचाल. तिथे दोन रात्री, मग ब्लॅक हिल्समध्ये दोन रात्री. परतीचे तीन दिवस साधारण ३००, ३५० आणि २५० मैलांचे, मुक्काम मिचेल आणि ला क्रॉस. मधला दिवस लांब आहे, पण तोवर गाडीचा हात बसलेला असेल.

चेंबरलेनला मुक्काम ठेवण्यामागे फक्त अंतराचा विचार नाही. प्रेअरी म्हणून भूगोलात वाचलेलं उंच गवत पूर्वेकडे आता जवळपास उरलेलं नाही. मिनेसोटाभर तुम्हाला मका आणि सोयाबीनच दिसेल. चेंबरलेनला मिसुरी नदी ओलांडली की जमीन बदलते. नदीच्या पूर्वेला शेती आणि पश्चिमेला गुरांची कुरणं, चढउतारांचा गवताळ प्रदेश, घरं मैलामैलांवर. हा बदल डोळ्यांनी दिसतो. तिथल्या रेस्ट एरियात 'डिग्निटी' नावाचा ५० फुटी पुतळा आहे, लाकोटा-डकोटा परंपरेतली गोधडी पांघरलेल्या स्त्रीचा, २०१६ साली बसवलेला. त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की नदीचं पूर्ण वळण दिसतं. मोटरहोमला पार्किंगही भरपूर. सासू-सासऱ्यांना इथे घाई करू नका.

साउथ डकोटात आय-९० च्या एक्झिटचे आकडे म्हणजे वायोमिंगच्या सीमेपासूनचे मैल. चेंबरलेन २६३, मर्डो १९२, कडोका १५०, बॅडलँड्सचा पूर्वेकडचा फाटा १३१, वॉल ११०, रॅपिड सिटी ६० च्या आसपास. नुसती वजाबाकी केली की पुढचा पेट्रोलपंप किती लांब ते कळतं. बऱ्याच एक्झिटांवर 'नो सर्व्हिसेस' अशी पाटी असते, म्हणून टाकी अर्धी झाली की भरायची. मर्डोच्या पुढे घड्याळ एक तास मागे जातं. सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या वेळा त्या दिवशी आधी ठरवून ठेवा.

पंपावर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. पश्चिम साउथ डकोटात काही पंपांवर ८५ ऑक्टेनचं पेट्रोल विकलं जातं. तुम्हाला मिळणारी गाडी बहुधा फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावरची असेल. तिला किमान ८७ लागतं. शिवाय मक्याच्या मुलखात ई-३० आणि ई-८५ हे इथेनॉलचे प्रकार त्याच नळकांड्यांच्या रांगेत असतात आणि स्वस्त दिसतात. टाकीच्या झाकणाजवळ स्पष्ट परवानगी लिहिलेली नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

नवऱ्याच्या काळजीचं उत्तर असं. इलिनॉयचा साधा डी वर्गाचा परवाना पुरतो. तो १६,००० पौंडांपर्यंत चालतो आणि ई-४५० चं कमाल वजन १४,५०० पौंड असतं. गाडी सरळ चालवणं अवघड नाही. घोळ होतो तो शेपटीचा. मागच्या चाकांच्या मागे या गाडीचा दहा-अकरा फूट भाग लोंबत असतो. तुम्ही उजवीकडे वळलात की तो भाग डावीकडे बाहेर फेकला जातो. दर तीन फुटांमागे साधारण एक फूट, म्हणजे तीन फुटांहून जास्त. पेट्रोलपंपाचा खांब, शेजारची गाडी, कॅम्पग्राउंडमधला विजेचा खांब हे सगळे बळी याचेच. पंपापाशी भरून झालं की आधी सरळ पुढे काढा, मागची चाकं खांबापलीकडे गेली की मगच स्टिअरिंग वळवा. गाडी घेतल्यावर महामार्गाला लागण्याआधी एखाद्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये वळणं आणि रिव्हर्स घेऊन बघा. रिव्हर्सच्या वेळी एकाने मागे, आरशात दिसेल अशा जागी उभं राहायचं. आरशात माणूस दिसेना की गाडी थांबवायची. उंची ११-१२ फूट असते. ती कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. ड्राइव्ह-थ्रूत शिरायचं नाही.

पण प्रेअरीत खरी परीक्षा वाऱ्याची. आय-९० पूर्व-पश्चिम जाते आणि उन्हाळ्यात वारा बहुधा दक्षिणेकडून येतो, म्हणजे सरळ कुशीवर. ११ फूट उंचीची सपाट भिंत घेऊन तुम्ही त्याला आडवे जात असता. ट्रक ओलांडून जातो तेव्हा आधी तो तुम्हाला बाहेर ढकलतो आणि पुढे गेला की आत ओढतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं, झटका द्यायचा नाही, नजर लांब ठेवायची आणि वेग पाच-दहा मैलांनी उतरवायचा. साउथ डकोटात मर्यादा ८० ची आहे, ती तुमच्यासाठी नाही. नॅशनल वेदर सर्व्हिसची 'विंड अ‍ॅडव्हायझरी' साधारणपणे सलग ३१ ते ३९ मैलांच्या वाऱ्याला किंवा ४६ ते ५७ मैलांच्या झोतांना निघते. ती असेल तर नवशिक्याने त्या दिवशी गाडी हलवूच नये. 'हाय विंड वॉर्निंग' त्याच्याही वरची. अशा दिवसासाठी वेळापत्रकात एक दिवस सैल ठेवा. बॅडलँड्सची दुसरी रात्र त्यासाठी कापता येते.

वारा सकाळी कमी असतो आणि गडगडाटी ढग दुपारी तीननंतर वाढतात. म्हणून सकाळी सातला निघायचं आणि दोनच्या आत मुक्कामी लागायचं. तुम्ही पश्चिमेला जाताना वादळं बहुतेक समोरून येणार आहेत. इथल्या गारा आपल्याकडच्या अवकाळीतल्या गारांसारख्या नसतात. २३ जुलै २०१० ला याच रस्त्यावरच्या व्हिव्हियन गावात आठ इंच व्यासाची गार पडली, वजन ०.८८ किलो. अमेरिकेतला विक्रम आहे तो. आकाश काळं-हिरवट दिसलं तर पुढच्या गावात थांबा. पुलाखाली गाडी लावू नका. तिथे वारा वाढतो आणि मागून येणाऱ्यांचा रस्ता अडतो. टोर्नेडोच्या (भोवऱ्यासारख्या फिरत्या वादळाच्या) इशाऱ्यात मोटरहोम हा आसरा नाही, ते उलटतं. कॅम्पग्राउंडमध्ये शिरताना 'वादळात कुठे जायचं' हे विचारून ठेवा. बहुतेक वेळा पक्क्या बांधकामाचं स्नानगृह असतं. काहीच नसेल तर गाडी सोडून खोलगट जागेत डोकं झाकून आडवं व्हायचं. इशारे परगण्याच्या (काउंटीच्या) नावाने येतात, म्हणून नावं लिहून ठेवा: चेंबरलेनला ब्रूल, व्हिव्हियनला लायमन, मर्डोला जोन्स, बॅडलँड्सच्या पूर्वेकडच्या भागाला जॅक्सन, वॉलला पेनिंग्टन. बॅडलँड्समध्ये मोबाइलचा भरवसा नाही, तेव्हा हातात बसणारा वेदर रेडिओ घ्या.

दाराबाहेरची कापडी सावली, म्हणजे ऑनिंग, हा भाड्याच्या गाडीतला सगळ्यात महागडा मोह आहे. पाचच मिनिटं फिरायला गेलो आणि झोताने उलटून छतावर पडली, असं नेहमी होतं. तिथून हलताना आणि झोपताना ती गुंडाळलेलीच असली पाहिजे. भाड्याच्या विम्यात ऑनिंग, छत आणि गाडीचा तळ बहुतेक वेळा वगळलेले असतात. गारांचं नुकसान भरून मिळतं का, हेही लेखी विचारा. तुमच्या रोजच्या गाडीचा विमा भाड्याच्या मोटरहोमला लागू होतोच असं नाही.

आता बसण्याचं. हे बुकिंगच्या आधी ठरलं पाहिजे. सात वर्षांच्या मुलाला बूस्टर (मुलाला उंच बसवणारी सीट) लागतो आणि बूस्टरला खांद्यावरून जाणारा पट्टा हवाच. मोटरहोमच्या जेवणाच्या टेबलापाशी बऱ्याचदा फक्त कमरेचा पट्टा असतो, तिथे बूस्टर चालत नाही. अशा वेळी पाच कड्यांच्या पट्ट्यांची हार्नेसवाली सीट वापरा. अनेक सीट ६५ पौंडांपर्यंत चालतात आणि कमरेच्या पट्ट्याने बसवता येतात. मात्र तुमच्या सीटच्या पुस्तिकेत ते बघून घ्या. मुलांच्या सीट फक्त पुढे तोंड असलेल्या जागी. आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर कधीच नाही. पुढची प्रवासी सीट सासूबाईंना द्या, तिथे पूर्ण पट्टा आहे आणि आतूनच जाता येतं. तुम्ही आणि सासरे टेबलाच्या मागे तोंड असलेल्या बाकावर. झोपताना मागचा पलंग आजी-आजोबांचा, टेबलाचा पलंग मुलांचा, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर तुम्ही दोघं. शिडी चढून रात्री उतरायचं, ते ज्येष्ठांचं काम नाही. गाडीत चढायच्या पायऱ्याही उंच असतात, सासूबाईंसाठी रुंद, न घसरणारा पाट ठेवा.

स्वयंपाकाचं सांगतो. प्रोपेनवर चालणारी तीन बर्नरची शेगडी असते. तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा पुरे. फोडणी मात्र घरच्यासारखी कडकडून दिली की धुराचा अलार्म वाजणारच. तो काढून ठेवू नका. शेगडीवरच्या हुडचा पंखा लावला तरी धूर जात नाही, कारण गाडीच्या बाहेरच्या बाजूला त्या हुडचं एक झाकण असतं. प्रवासात वाऱ्याने आपटू नये म्हणून ते दोन छोट्या खिट्ट्यांनी बंद केलेलं असतं. खिट्ट्या उघडल्याशिवाय पंखा नुसता गरगरत राहतो. निघताना त्या परत लावायच्या. छतावरची खिडकीही उघडा. सोपा मार्ग म्हणजे मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी घरूनच करून बाटलीत न्यायची, भाताच्या पाण्यात दोन चमचे टाकायची. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, दशम्या, दडपे पोहे हे सगळं इथे सोन्यासारखं. जमिनीलगत दुसरा एक अलार्म असतो, तो प्रोपेनचा. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली. हा सॅनिटायझरच्या आणि स्प्रेच्या वाफेनेही कधी कधी वाजतो, पण आधी शेगडी आणि सिलिंडरची झडप बंद करून सगळ्यांना बाहेर काढायचं, कारण नंतर शोधायचं. सासूबाईंच्या उदबत्तीला आत जागा नाही, आणि बाहेर गवतात तर नाहीच. बॅडलँड्समध्ये शेकोटीलाही बंदी आहे. बॅटरीची समई न्या.

इंडक्शन नेणार असाल तर हा हिशेब बघा. कॅम्पग्राउंडची जोडणी ३० अँपिअरची, म्हणजे ३,६०० वॉट. छतावरचा एसी १३-१४ अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह १२-१३, इंडक्शन १५. एसी चालू असताना यांतलं एकच काही लावता येतं, आणि पाणी तापवायचं बटण विजेवर असेल तर तेही १२ खातं. दोन एकदम लावली की ब्रेकर उडतो. गाडीतला उडाला नसेल तर बाहेरच्या खांबावरचा बघा. पाणी प्रोपेनवर तापवा, वाद मिटतो. जोडणी नसेल तिथे जनरेटर. तो गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो, तासाला अर्धा गॅलन धरा, आणि टाकी पावभर राहिली की तो बंद पडतो. बिघडला म्हणून फोन करण्याआधी पेट्रोलचा काटा बघायचा. झोपेत जनरेटर चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि आंघोळ. मिळेल, रोज मिळेल, पण गाडीत सहा जणांची नाही. पाणी तापवायची टाकी सहा गॅलनची, म्हणजे २३ लिटर. एकाने नळ मोकळा सोडला की दुसऱ्याला गार पाणी. स्वच्छ पाण्याची टाकी ४० गॅलनच्या आसपास, दीडशे लिटर. सासूबाईंना गाडीत सकाळी बादलीभर पाण्याची आंघोळ करू द्या, आठ-दहा लिटरांत भागतं. बाकीच्यांनी कॅम्पग्राउंडच्या स्नानगृहात जावं. सुटी नाणी जवळ ठेवा, काही ठिकाणी शॉवर नाण्यांवर चालतो.

टॉयलेटची 'ब्लॅक' टाकी साधारण ३० गॅलन, म्हणजे ११३ लिटर. आपण पाणी वापरतो, टमरेल घेतो, त्यामुळे ती दीड-दोन दिवसांत भरते. पण त्यातच फायदाही आहे. अमेरिकन कुटुंबांची टाकी तुंबते ती कमी पाणी आणि जास्त कागद यांमुळे. पाणी भरपूर असेल तर रिकामी करताना सगळं सहज वाहून जातं. दिवसा कॅम्पग्राउंडची टॉयलेट वापरा, रात्रीपुरती गाडीतली. पातळी दाखवणाऱ्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. आत कागद चिकटला की रिकामी टाकीही दोन तृतीयांश भरलेली दाखवतात. आणि जोडणी असलेल्या जागी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून बसायचं नाही. पातळ वाहून जातं, घट्ट आतच साचतं आणि दगड होतं.

रिकामी करताना हातमोजे घाला. नळीचं एक टोक गाडीला फिरवून अडकवा, दुसरं जमिनीतल्या भोकात घालून त्यावर दगड किंवा झाकण ठेवा. आधी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडायचा, आवाज थांबला की बंद करायचा. मग 'ग्रे', म्हणजे सिंक आणि आंघोळीचं पाणी. साबणाच्या त्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते, म्हणून क्रम उलटा करायचा नाही. शेवटी ब्लॅकमध्ये दोन गॅलन पाणी आणि रसायन टाका. तिथला धुण्याचा नळ प्यायचा नसतो. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी वेगळ्या पिशवीत, वेगळ्या कप्प्यात. ग्रे टाकीत चहाचा चोथा, आमटीचं तेल, भात जाऊ देऊ नका. ताटं कागदाने पुसूनच सिंकमध्ये.

सासऱ्यांच्या इन्सुलिनसाठी फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा, २ ते ८ अंश हवेत. मोटरहोमचा फ्रिज प्रोपेनवरचा असेल तर तो गाडी तिरकी उभी असताना नीट गार करत नाही. आधी गाडी पाट लावून समतल करायची. थंड व्हायला १२ तास लागतात, म्हणून गाडी मिळाली की पहिलं काम फ्रिज चालू करण्याचं. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन बाहेर राहिलं तर काचेजवळ नको. एसी बंद असलेली गाडी उन्हात भट्टी होते. पेट्रोल भरताना मात्र फ्रिजसकट प्रोपेनची सगळी उपकरणं बंद करायची. बॅडलँड्समधल्या सीडर पासपासून मोठं रुग्णालय रॅपिड सिटीला, साधारण ७५ मैलांवर.

बॅडलँड्समध्ये सीडर पास कॅम्पग्राउंडला विजेची जोडणी असलेल्या जागा आहेत. पाण्याची आणि सांडपाण्याची जोडणी जागेवर नाही, तेव्हा टाकी भरून आणि रिकामी करून मगच जागेवर लागा. सेज क्रीकचं फुकट कॅम्पग्राउंड विसरा, तिथे १८ फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंदी आहे. तिकडे जाणारा खडीचा रस्ताही तुमच्या करारात बसणार नाही, बहुतेक भाडेकरार कच्च्या रस्त्याला मनाई करतात. सासूबाईंसाठी विंडो ट्रेल आणि फॉसिल एक्झिबिट ट्रेल हे लाकडी फळ्यांचे रस्ते आहेत, प्रत्येकी पाव मैल. डोअर ट्रेलचाही पहिला पाव मैल तसाच. सूर्योदयाला बाहेर पडा, दहानंतर सावलीचा मागमूस नसतो. मुलांना बूट घाला, इथे रॅटलस्नेक असतात. प्रेअरी डॉग (बिळात राहणारे खारीच्या जातीचे प्राणी) कितीही गोजिरवाणे दिसले तरी खायला घालू नका, त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो. बायसन शांत चरत असला तरी त्याच्यापासून चांगलं लांब राहा. १३१ एक्झिटजवळ मिनिटमन क्षेपणास्त्रांचं संग्रहालय आहे, सासऱ्यांना आवडेल. वॉलमधलं वॉल ड्रग हे दुकान बर्फाचं पाणी फुकट देऊन मोठं झालं. गंमत म्हणून तासभर ठीक आहे.

ब्लॅक हिल्समध्ये कस्टर किंवा हिल सिटीजवळ सगळ्या जोडण्या असलेलं कॅम्पग्राउंड घ्या आणि गाडी तिथेच उभी ठेवा. नीडल्स हायवेवरचा नीडल्स आय बोगदा आठ फूट रुंद आहे. तुमची गाडी आरसे सोडूनच साडेआठ फुटांची. जीपीएस निमूटपणे त्यातून रस्ता दाखवतो. आयर्न माउंटन रोडवरही बोगदे आणि गोल फिरणारे लाकडी पूल आहेत. रॅपिड सिटीहून एक दिवसासाठी सात आसनी गाडी भाड्याने घ्या, म्हणजे हे दोन्ही रस्ते आणि माउंट रशमोर एकाच दिवसात होतात. मुलांच्या सीट तिच्यात हलवायला विसरू नका.

पैसे वाचतील हा हिशेब मात्र खोडून टाका. गॅलनला नऊ मैल धरले तर १,९५० मैलांना सव्वादोनशे गॅलनच्या आसपास. साडेतीन डॉलर दराने साडेसातशे ते आठशे डॉलर. करारात दिवसाला १०० मैल फुकट आणि पुढे मैलाला ४० सेंट असतील तर आणखी ३८० डॉलर. जनरेटरचे तास वेगळे, कॅम्पग्राउंड वेगळं. सहा जणांच्या दोन हॉटेल खोल्यांपेक्षा हे स्वस्त पडेलच असं नाही. पैसे जातात ते आजीच्या हातच्या गरम आमटीसाठी आणि बॅडलँड्सच्या कड्याखाली सकाळी दार उघडण्यासाठी. त्यासाठी खर्च करायचा असेल तर जरूर करा.

गाडी ताब्यात घेताना चारी बाजू, छताच्या कडा आणि ऑनिंगचा व्हिडिओ काढा. टायरच्या भिंतीवर 'डीओटी'नंतरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा-सात वर्षं जुने असतील तर बदलून मागा. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरची हवा तुमच्यासमोर मोजायला लावा, ते कोणी बघत नाही आणि बसतो तो तोच. दाराजवळच्या पिवळ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं. ४० गॅलन पाणीच ३३० पौंड भरतं, म्हणून प्रवासात टाकी पाव-अर्धी ठेवा.

रोज निघताना एक यादी सासऱ्यांच्या हाती द्या: विजेची केबल काढली, पाण्याची नळी काढली, पायरी आत, ऑनिंग बंद, छताच्या खिडक्या बंद, स्लाइड (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) आत, फ्रिजची कडी, कपाटांच्या कड्या, पंप बंद. त्यांनी बाहेरून एक पूर्ण चक्कर मारून 'हं' म्हटल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

आणि बुकिंगचा क्रम: आधी सीडर पासची वीजवाली जागा, तिच्या तारखा मिळाल्या की हिल सिटीचं कॅम्पग्राउंड, आणि मग गाडी. जूनच्या जागा महिनोन्महिने आधी जातात, मोटरहोम मात्र आणखी एका कंपनीकडे मिळतं. गाडी ठरवताना एकच प्रश्न आधी विचारा, खांद्याचे पट्टे असलेल्या जागा किती आणि कुठे. फोनवरच्या माणसाला माहीत नसेल तर त्याला गाडीपाशी जाऊन फोटो पाठवायला सांगा.